शिंगाडा आणि जलपर्णी : नागपूरच्या तलावांतील दोन तरंगत्या वनस्पतींचा इतिहास

प्रस्तावना

महाल हा नागपूर शहराचा जुना गाभा होय. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा लहान वाड्या एकत्र करून हे नगर वसविले. त्याचा उत्तराधिकारी चांद सुलतान याने नगराभोवती तट बांधला आणि ओढ्याला बांध घालून पश्चिमेस जुम्मा तलाव निर्माण केला. हाच पुढे शुक्रवारी तलाव व त्यानंतर गांधीसागर या नावाने ओळखला जाऊ लागला. भोसल्यांच्या राजवटीत नगराभोवती तलावांची संख्या वाढली. या तलावांचा इतिहास सामान्यतः राजे, बांधकामे व पाणीपुरवठा यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. प्रस्तुत लेखात तो शिंगाडा आणि जलपर्णी या दोन तरंगत्या सपुष्प वनस्पतींच्या आधारे तपासला आहे. यांपैकी एक वनस्पती पीक ठरली आणि दुसरी तण. हा भेद केवळ वनस्पतिशास्त्रीय आहे काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

वनस्पतींचे स्वरूप

शिंगाडा म्हणजे ट्रापा नटान्स. लिनियसने १७५३ मध्ये हे नाव दिले. भारतातील दोन शिंगांच्या प्रकाराला रॉक्सबर्गने ट्रापा बायस्पायनोसा असे संबोधिले. पूर्वी शिंगाड्याचे कुल स्वतंत्र मानीत. आता त्याचा समावेश मेंदी व डाळिंब यांच्या लिथ्रेसी कुलात केला जातो. ही वर्षायू वनस्पती आहे. तिचे मूळ चिखलात असते व पानांचा झुबका पाण्यावर तरंगतो. पानांचे देठ फुगीर व हवेने भरलेले असतात. चार पाकळ्यांचे पांढरे फूल पाण्याबाहेर उमलते. नंतर त्याचा देठ खाली वळतो आणि फळ पाण्याखाली पक्व होते.

जलपर्णीचे देठही असेच फुगीर असतात आणि तिचाही फुलोरा बहरानंतर पाण्याकडे वाकतो. परंतु ती चिखलाला बांधलेली नसते. तिला आडवी धावती खोडे फुटतात, त्यांच्या टोकाशी नवे रोप तयार होते व ते अलग होऊन वाऱ्याबरोबर दूर जाते. अनुकूल स्थितीत अवघ्या दोन आठवड्यांत तिची संख्या दुप्पट होऊ शकते. शिवाय तिचे बी तळाच्या गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. म्हणून वरची रोपे काढली तरी तलाव तिच्यापासून मुक्त होतोच असे नाही.

जलपर्णीचे आगमन

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियस याने ब्राझीलमधील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. तिला दीर्घकाळ मिळालेले आयकॉर्निया हे नाव प्रशियाचा मंत्री आयकहॉर्न याच्या सन्मानार्थ होते. २०१८ मध्ये मात्र तिचा समावेश पुन्हा पाँटेडेरिया या मूळ प्रजातीत करण्यात आला. तिच्या जांभळ्या फुलांमुळे एकोणिसाव्या शतकात ती उद्यानांची शोभा म्हणून जगभर नेली गेली. हुकरच्या ब्रिटिश भारतातील वनस्पतींविषयीच्या ग्रंथाच्या १८९० च्या दशकातील सहाव्या खंडात तिच्या कुलातील केवळ मोनोकोरिया ही प्रजाती आढळते. त्याच दशकाच्या अखेरीस बंगालमध्ये जलपर्णीचा प्रवेश झाला, असे सामान्यतः मानले जाते.

बंगालमध्ये तिने भातशेती, मासेमारी व जलवाहतूक यांची मोठी हानी केली. १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९३६ मध्ये स्वतंत्र कायदा करून जलपर्णी काढण्याची जबाबदारी जमीन व पाण्याच्या ताबेदारांवर टाकण्यात आली. तरीही तिचे उच्चाटन झाले नाही.

शिंगाड्याची परंपरा

संस्कृतात शृंगाटक म्हणून उल्लेखिलेले हे फळ विदर्भात उपवासाचे अन्न आहे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींविषयीच्या ग्रंथात शिंगाड्याची लागवड करणाऱ्या ढीवरांची स्वतंत्र शाखा नोंदविली आहे. हिवाळ्याच्या अखेरीस पक्व फळे रुजवून रोपे तयार करावयाची, पावसाळ्यात ती तलावाच्या चिखलात पायाने रोवावयाची आणि शरद ऋतूपासून फळे तोडावयाची, असा या लागवडीचा क्रम असतो. तिच्यासाठी तलावात सतत उतरावे लागते. अन्य वनस्पती वाढल्यास पिकाची हानी होते, त्यामुळे तण काढणे हा उपजीविकेचाच भाग ठरतो.

येथे एक तुलना उद्बोधक आहे. हाच शिंगाडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या ईशान्य भागात नेला गेला. तेथे त्याने हडसन नदी व शँप्लेन सरोवर यांचे भाग व्यापले आणि तो त्रासदायक तण ठरला. विदर्भात पीक असलेली वनस्पती तेथे तण झाली, कारण तिची फळे तोडणारा समाज तेथे नव्हता. पीक व तण हा भेद वनस्पतीच्या गुणधर्मांइतकाच मनुष्याच्या व्यवहारावरही अवलंबून असतो, असे यावरून दिसून येते.

तलावांचे बदललेले स्थान

नागपूर नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली. पुढे अंबाझरी व नंतर गोरेवाडा येथून नळाने पाणी येऊ लागले. महालातील रहिवाशांचा जवळच्या तलावाशी असलेला दैनंदिन संबंध त्यामुळे क्षीण झाला. ग्रामीण भागात मालकी हक्क निर्मूलनाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी तलाव शासनाकडे गेले. मालगुजारी संपणे न्याय्यच होते; परंतु तिच्याबरोबर तलावांच्या देखभालीची जुनी व्यवस्थाही संपली आणि तिची जागा घेणारी व्यवस्था तितक्या दृढपणे उभी राहिली नाही.

शहरातील तलावांत याच काळात सांडपाणी वाढले. त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस हे जलपर्णीचे खाद्यच होय. नाईक तलाव, लेंडी तलाव आणि अलीकडे अंबाझरी येथे तिचे दाट थर दिसून आले. पाण्याखाली प्रकाश व प्राणवायू कमी होतो, मासे मरतात आणि डासांना आसरा मिळतो. या हानीचा पहिला फटका मासेमारीवर जगणाऱ्या ढीवर कुटुंबांना बसतो. शिंगाड्याची वेल लावणारे हात दुरावले, त्याच पाण्यात कोणीही न लावलेली वेल पसरली.

निष्कर्ष

जलपर्णीच्या प्रसारास तिची जैविक क्षमता व येथे नैसर्गिक शत्रूंचा अभाव ही कारणे आहेतच. त्यासाठी १९८० च्या दशकात बंगळूर परिसरात नियोचेटिना हे भुंगे सोडण्यात आले व काही जलाशयांत त्यांचा उपयोग झाला. तथापि केवळ भुंगे किंवा यंत्रे पुरेशी नाहीत. सांडपाणी येतच राहिले तर यंत्राने स्वच्छ केलेला तलाव पुन्हा भरतो. बंगालच्या १९३६ च्या कायद्याने जबाबदारी दिली, परंतु ती पार पाडण्यात कोणाचे हित आहे, हा प्रश्न अनुत्तरित ठेवला. शिंगाड्याच्या परंपरेत त्याचे उत्तर आढळते : ज्याची उपजीविका पाण्यावर आहे, तोच ते पाणी मोकळे ठेवतो. म्हणून नागपूरच्या तलावांच्या पुनरुज्जीवनाचा विचार करताना सांडपाणी रोखण्याबरोबरच ढीवर समाजाच्या मासेमारी व शिंगाडा लागवडीच्या हक्कांना नियोजनात स्थान मिळणे आवश्यक आहे.