दक्षिणेचे दार : बऱ्हाणपूरचा भूगोल आणि इतिहास

बऱ्हाणपूरचा इतिहास सांगावयाचा तर प्रथम त्याचा भूगोल सांगावा लागतो. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्याच्या वाटेत विंध्य, नर्मदा आणि सातपुडा असे तीन अडथळे येतात. सातपुड्याच्या लांबच लांब रांगेत सैन्य, तांडे आणि तोफा नेता येतील अशा जागा फार थोड्या. त्यांपैकी सर्वांत सोयीची वाट खांडवा आणि बऱ्हाणपूर यांच्या दरम्यान आहे. या वाटेवर नजर ठेवून, पायथ्यापासून सुमारे २६० मीटर उंच, अशीरगड उभा आहे. आणि डोंगर ओलांडून आलेल्यास जेथे पाणी, धान्य व विसावा मिळे, ते तापीकाठचे शहर म्हणजे बऱ्हाणपूर. अशीरगड ही दक्षिणेची किल्ली मानली जाई. किल्ली गडावर होती, दार मात्र शहरात होते.

या दाराला दुसरी दिशाही होती. मुलताईला उगम पावलेली तापी बऱ्हाणपूरवरून खानदेशात उतरते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. नदी नौकानयनाच्या उपयोगाची नसली तरी तिच्या खोऱ्याने सुरतेच्या बंदराला देशाच्या अंतर्भागाशी जोडणारा सपाट मार्ग दिला. उत्तर-दक्षिण राजमार्ग आणि सुरतेकडचा व्यापारी मार्ग यांची गाठ बऱ्हाणपुरात पडत असे. भोवती कापसाची काळी जमीन होतीच. राजे बदलले, पण हा भूगोल बदलला नाही. म्हणूनच हिंदुस्थानात परकी सत्ता कशी आली, कशी रुजली आणि जाताना काय ठेवून गेली, हे या एका शहराच्या वेशीत उभे राहूनही दिसते.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस नासीर खान फारुकी याने अशीरगड घेतला आणि सूफी संत शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने हे शहर वसविले. पैलतीरी शेख झैनुद्दीन यांच्या नावाचे झैनाबाद उभे राहिले. दोनशे वर्षे टिकलेल्या फारुकी राजवटीची सर्वांत बोलकी खूण म्हणजे राजा अली खानाने १५८९ मध्ये बांधलेली जामा मशीद. तिच्यात अरबी लेखाबरोबर फारुकींची वंशावळ सांगणारा संस्कृत शिलालेखही आहे. १६०१ मध्ये अशीरगड जिंकल्यावर अकबराने आपल्या विजयाचा लेख त्याच मशिदीत कोरविला, पण आधीचे लेख पुसले नाहीत.

मोगलांच्या काळी बऱ्हाणपूर ही दक्षिणेची जणू दुसरी राजधानीच झाली. अब्दुर्रहीम खानखानान याचे येथे दीर्घ वास्तव्य होते. त्याच्याच काळात सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत अडवून, शंभराहून अधिक कुंड्यांच्या साखळीने, केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणण्यात आले. हा कुंडी भांडारा लोकांच्या तोंडी खुनी भांडारा झाला. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत त्याचा समावेश झाला. भूगोलाने दिले ते मुकाट्याने स्वीकारणे वेगळे आणि भूगोल वाचून त्याच्याकडून हवे ते मिळविणे वेगळे. हा दुसरा पुरुषार्थ येथे पाहावयास मिळतो.

जून १६३१ मध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात निवर्तली आणि ताजमहालापूर्वी तिला झैनाबादेच्या बागेत विसावा मिळाला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच सुमारास गुजरात आणि खानदेश भीषण दुष्काळाने होरपळत होते, याची आठवण मात्र क्वचितच निघते. सुरतेहून बऱ्हाणपूरला आलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेत पाहिलेल्या प्रेतांचे वर्णन लिहून ठेवले आहे. बादशहाने अन्नछत्रे घातली, तरी खेडी ओस पडलीच. राणीच्या मृत्यूचे स्मारक जगाने पाहिले. त्या हजारोंची स्मृती एका व्यापाऱ्याच्या रोजनिशीत उरली.

इंग्रज या दाराशी आला तो प्रथम याचक म्हणून. नोव्हेंबर १६१५ मध्ये राजदूत सर टॉमस रो सुरतेहून अजमेरास जाताना येथे शाहजादा परवेझच्या दरबारात उपस्थित झाला आणि त्याने वखारीसाठी परवानगी मागितली. येथील झिरझिरीत मलमल, रंगीत कापड आणि जरीचे काम यांचे आकर्षण तसेच होते. त्याच शतकात येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये सांगतो की, हे कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असे. विणकराच्या मागावरून निघालेला धागा पोलंडच्या सरदाराच्या अंगावर पोहोचत होता, आणि त्यासाठी बऱ्हाणपूरला कोणाचे राज्य जिंकावे लागले नव्हते.

मराठ्यांना या शहराचे मोल पूर्ण ठाऊक होते. जानेवारी १६८१ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजेने शहरालगतचा श्रीमंत बहादूरपुरा लुटला. हा घाव इतका जिव्हारी लागला की, आमचे रक्षण होत नसेल तर शुक्रवारचा नमाज बंद करू, असे येथील प्रतिष्ठितांनी औरंगजेबास कळविल्याचे खाफी खान लिहितो. त्याच वर्षी नोव्हेंबरात बादशहा स्वतः बऱ्हाणपुरात दाखल झाला. दक्षिणेच्या ज्या दाराने तो आत आला, त्या दाराने तो परत गेला नाही. पुढे १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर बऱ्हाणपूर व अशीरगड पेशव्यांकडे आले, आणि त्याच वर्षी सदाशिवरावभाऊंची फौज याच वाटेने पानिपताकडे गेली. कालांतराने शहर शिंद्यांकडे गेले. मराठी कुटुंबे, मराठी दफ्तर आणि मराठी बोली यांना येथे बळ मिळाले ते याच काळात.

वखारीची परवानगी मागणाऱ्यांचे वारस १८०३ मध्ये तोफा घेऊन आले. ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सनने आधी बऱ्हाणपूर आणि पाठोपाठ अशीरगड घेतला. त्या डिसेंबरच्या तहाने दोन्ही ठाणी शिंद्यांस परत मिळाली, पण दार आता कोणाच्या मर्जीने उघडते हे स्पष्ट झाले होते. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव याच परिसरात माल्कमच्या स्वाधीन झाला. एप्रिल १८१९ मध्ये अशीरगड कायमचा इंग्रजांच्या हाती गेला. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले त्याची आठवण महाराष्ट्रात सर्वत्र आहे. पेशवाईचा शेवटचा अंक मात्र सातपुड्याच्या या पायथ्याशी संपला. १८६० च्या सुमारास शिंद्यांशी झालेल्या प्रदेशांच्या अदलाबदलीत बऱ्हाणपूरही इंग्रजी अंमलात आले आणि नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्याचा भाग बनले.

खरा बदल घडविला तो रुळांनी. १८७० मध्ये मुंबई-जबलपूर लोहमार्ग पूर्ण झाला. इंजिनिअरांनी सातपुडा ओलांडण्यासाठी निवडली ती तांड्यांची आणि फौजांची जुनीच वाट. भूगोलाचा निवाडा पुन्हा तोच लागला, पण फळ निराळे मिळाले. प्रत्येक तांड्याला बऱ्हाणपुरात थांबावे लागे. आगगाडीला त्याची गरज नव्हती. जंक्शने झाली भुसावळ आणि खांडवा. जिल्ह्याचे मुख्य ठाणेही खांडव्यास राहिले. शतकानुशतके जेथे मार्ग मिळत होते, ते शहर दोन जंक्शनांमधील एक स्टेशन झाले. याच रुळांवरून खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाऊ लागला आणि गिरणीचे स्वस्त कापड गावोगाव येऊ लागले. कापड देणारा देश कापूस देणारा झाला. वसाहतवादाचा हा सगळा व्यवहार विणकराला ग्रंथात वाचावा लागला नाही. तो त्याने आपल्या मागावर अनुभवला. तरीही माग पुरते थांबले नाहीत. पुढे तापी मिल उभी राहिली, घरोघरी यंत्रमाग आले, आणि बऱ्हाणपूर कापडाचे शहर म्हणूनच ओळखले जात राहिले.

स्वातंत्र्यानंतर एक रेषा नव्याने पडली. हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा असलेल्या जुन्या मध्य प्रदेशाची १९५६ मध्ये पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड हिंदी भाषकांच्या नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि बऱ्हाणपूरची राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली. भाषावार रचनेला तिचे समर्थ कारण होते. परंतु कोणतीही रेषा कोणाच्या तरी अंगणातून जातेच. येथील मराठी माणसाने गाव सोडले नाही, तरी त्याच्या भाषेचा सरकारी आधार गेला. २००३ मध्ये बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा शहराचे प्रशासकीय महत्त्व काही अंशी परत आले. भाषेचा प्रश्न मात्र घराघरावर आणि मराठी संस्थांवर सोपविलेलाच राहिला.

नदी ही रेषा मानत नाही. रावेरची केळी आणि बऱ्हाणपूरची केळी एकाच काळ्या मातीत वाढतात, सोयरिकी दोन्हीकडे जुळतात, आणि बाजारात मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती व निमाडी एकमेकींच्या हातात हात घालून वावरतात. या शहराच्या दाराने व्यापारी, सूफी, सैनिक, दुष्काळग्रस्त, गोरे अधिकारी असे सर्वच आत घेतले. त्यांपैकी ज्यांनी काही लिहून ठेवले, तेवढेच पुढच्या पिढ्यांना भेटले. जामा मशिदीत तीन भाषांचे लेख शेजारी शेजारी टिकून राहिले, कारण नव्याने आलेल्याने जुने पुसले नाही. शंभर वर्षांचे ग्रंथालय तेच काम कागदावर करीत असते. गडाची किल्ली आता कोणालाही नको आहे. ग्रंथांच्या कपाटाची किल्ली मात्र पुढच्या पिढीने मागून घ्यावी.