टकळीपासून पाबळपर्यंत

कौशल्ये आणि शालेय विषय एकमेकांत गुंफून शिकवण्याचा आज जो बोलबाला आहे, त्याचे आपल्याकडचे मूळ वर्ध्यात सापडते. ऑक्टोबर 1937 मध्ये तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षी आराखडा मांडला. मधोमध एखादा हस्तोद्योग, बाकीचे विषय त्याच्या अंगाने. याला समवाय म्हणत.

सुताचेच पाहा. टकळीवर कातलेले सूत अटेरणावर गुंडाळायचे. चार फूट म्हणजे एक तार, 640 तार म्हणजे एक गुंडी. गुंडी तोलली की सुताचा अंक काढता येतो. लांबी तीच आणि वजन कमी, म्हणजे सूत बारीक. इथे त्रैराशिक आपसूक येते. मग कापूस कुठल्या जमिनीत पिकतो, तो मँचेस्टरला का गेला, हे प्रश्न मुलेच विचारू लागतात.

पुढे ही शिक्षणपद्धत, म्हणजे नई तालीम, बहुतेक शाळांत नावापुरती उरली. टकळीचा तास वेगळा आणि गणिताचा वेगळा झाला. माझ्या मते खरी अडचण अशी, की त्या सुताची गावात कुणाला गरजच उरली नव्हती.

ही गाठ पाबळला सुटली. अन्नतंत्रज्ञानाचे डॉक्टर श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधन सोडून शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात आले आणि 1983 मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस कामाचा: वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. शिकवायला गावातलेच कारागीर आणि काम गावाला हवे असलेले. लोखंडी गेट करायचे तर मुले आधी माप घेतात. वेल्डिंगचे टाके मारून झाले की दोन्ही कर्ण टेपने मोजतात. ते सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे, नाही तर ठोकून सरळ करायची. शेवटी अँगल, रॉड, वीज, रंग आणि मजुरी धरून खर्चाचा हिशेब. भूमिती, विज्ञान आणि व्यवहार, सगळे एका गेटात.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात अशा कामासाठी दहा दिवस दप्तराविना आहेत. तेवढ्यात कामाची ओळख होईल, हात मात्र बसणार नाही. त्यासाठी पाबळसारखा आठवड्याचा अख्खा दिवस वेळापत्रकात लागेल, आणि त्या दिवशी वर्गात गावच्या सुताराला, वेल्डरला मानधन देऊन बोलवावे लागेल.