जॉबर, बदली आणि कामगार-अधिकारी : मुंबईच्या गिरण्यांतील एका प्रश्नाचा पूर्वेतिहास

कामगाराचे बोट यंत्रात सापडले तर त्याची नोंद होते. परंतु आज काम मिळेल किंवा नाही या चिंतेने गिरणीच्या फाटकापाशी रोज पहाटे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मनाची जी झीज होते, तिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसे. कामाचा ताण, वरिष्ठांची वागणूक, नोकरीची अशाश्वती यांपासून संभवणाऱ्या अशा अपायांना आता ‘मनोसामाजिक जोखीम’ ही संज्ञा रूढ झाली आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२१ साली या विषयावर स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक सूचना दिल्या. संज्ञा नवी आहे. तिने दर्शविलेली वस्तुस्थिती मात्र मुंबईच्या कापडगिरण्यांत शतकाहून अधिक काळ नांदत होती, आणि तिच्यावर उपाय योजण्याचे काही प्रयत्नही तेथेच झाले.

या प्रयत्नांचा आरंभ विश्रांतीच्या मागणीपासून झाला. १८८१ च्या कारखाना-कायद्याने प्रौढ कामगारांच्या कामाच्या तासांना हात लावला नव्हता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज तयार झाला, त्यात आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळच्या वेळी पगार या मागण्या होत्या. यांपैकी शेवटची मागणी विशेष अर्थपूर्ण म्हटली पाहिजे. पगार महिनाभर मागे राहिला म्हणजे कामगार वाण्याच्या व सावकाराच्या हाती जाई, आणि मागे राहिलेल्या पगाराच्या आशेने त्याला गिरणीही सोडता येत नसे. रविवारची सुटी मिलमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. पगाराच्या मुदतीला कायद्याचे बंधन येण्यास मात्र १९३६ साल उजाडावे लागले.

तथापि तासांहून व पगाराहूनही कामगाराच्या मनावर अधिक खोल छाया होती ती जॉबरची. माणसे भरणे, त्यांना साचे नेमून देणे, रजा देणे आणि कामावरून काढणे हे सर्व व्यवहारतः त्याच्याच हाती असे. कामावर घेण्यासाठी तो दस्तुरी घेई. तो पुष्कळदा कामगाराच्याच गावचा असे. खोली मिळवून देणे, उसनवारी देणे किंवा त्यासाठी जामीन राहणे हेही तो करी. अशा स्थितीत खात्यात झालेला बेबनाव खात्यातच राहत नसे. तो चाळीपर्यंत व कधी कधी गावच्या घरापर्यंत पोहोचे. सूत गुंडाळण्याच्या खात्यात स्त्रियांवर जी नायकीण नेमलेली असे, तिची सत्ताही याच जातीची होती. राजनारायण चंदावरकर यांनी दाखविल्याप्रमाणे जॉबर सर्वशक्तिमान नव्हता. वस्तीतील त्याचे वजन गेले की खात्यातील त्याचा धाकही ओसरे, आणि संपाच्या वेळी त्याला आपल्या माणसांमागे जावे लागे. हे खरे असले तरी भीतीचा भार दोघांवर सारखा नव्हता. जॉबरला माणसे गमावण्याची भीती होती. कामगाराला भाकरी गमावण्याची.

या व्यवस्थेचे सर्वांत उघडे रूप म्हणजे बदली कामगार. कायम कामगार गैरहजर राहील त्या दिवसापुरते काम मिळावे म्हणून तो भोंग्याच्या वेळी फाटकाशी हजर राही. दुसऱ्याचे आजारपण किंवा गावी जाणे हीच त्याची रोजी. कायम कामगारालाही फाटकाबाहेर आपल्या जागेची वाट पाहणारी माणसे रोज दिसत असल्याने ताप अंगावर काढून कामावर येण्याची प्रवृत्ती वाढली असल्यास नवल नाही. १९२८ साली विणकरांनी दोनऐवजी तीन साचे चालवावेत या योजनेला जो कडवा विरोध झाला, त्याचे मूळ केवळ श्रमवाढीत नव्हते. तिसऱ्या साच्याबरोबर शेजारचा माणूस बेकार होणार हे प्रत्येकाला कळत होते. त्या वर्षीचा संप सुमारे सहा महिने चालला.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात कामगार भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून स्वतंत्र कामगार-अधिकाऱ्याकडे द्यावा, तसेच जेथे स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात तेथे सुशिक्षित स्त्री-अधिकारी नेमावी अशी शिफारस केली. मुंबईत १९३४ च्या संपानंतर त्याच वर्षीच्या कायद्याने सरकारी कामगार-अधिकारी आला, व पुढे मालकांनीही आपले अधिकारी नेमले. १९३५ साली बदली-नियंत्रणाची पद्धत सुरू झाली : ठराविक माणसांना बदलीची कार्डे द्यावयाची आणि रिकामी जागा त्यांनाच द्यावयाची. १९३६ साली मुंबईत निघालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयामुळे या कामाला प्रशिक्षित माणसे मिळू लागली. अखेर १९४८ च्या कारखाना-अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण-अधिकारी नेमणे बंधनकारक केले.

या कलमात एक अवघड गाठ होती. ज्याने कामगाराचे गाऱ्हाणे ऐकावयाचे, त्याची नेमणूक व पगार कारखानदाराकडून! डाव्या कामगार-पुढाऱ्यांनी १९३४ पासूनच असा आक्षेप घेतला होता की, या अधिकाऱ्याचा उपयोग संघटनेला बाजूस सारण्यासाठी होईल. आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. उपाहारगृह, पाळणाघर, विश्रांतिकक्ष यांची व्यवस्था कायद्याच्या आधारे करता येत असे, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु साचे किती द्यावयाचे, कोणाला कायम करावयाचे हे प्रश्न त्या अधिकाऱ्याच्या मेजावर येतच नसत. मनाला बोचणाऱ्या गोष्टी मात्र नेमक्या त्याच होत्या.

बदलीची अशाश्वती घालविण्यासाठी १९५० साली मुंबईत कामगार-नोंदणीची योजना आली. तिने फाटकावरील जॉबरचा हात आखडला, पण बदली हा वर्ग नाहीसा केला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी-कामगारांचा जो संप सुरू झाला, त्यातील मागण्यांत पगारवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही होती.