पहिल्या दिवसाचा आकडा

"बोअरला किती लागलं?" नगर जिल्ह्यात (आता कागदोपत्री अहिल्यानगर) या प्रश्नाचं उत्तर इंचात देतात. दीड इंच, दोन इंच, नशीब जोरावर असेल तर तीन. रात्रभर गाडी घरघरते, पांढऱ्या धुरळ्याच्या जागी एकदम पाण्याचा फवारा उडतो, नारळ फुटतो आणि दुपारपर्यंत तो इंचाचा आकडा गावभर होतो.

टेक्सासमध्ये जवळपास हेच होतं, फक्त नारळ नसतो. शेल तेलाची नवी विहीर सुरू झाली की कंपनी पहिल्या चोवीस तासांचं किंवा पहिल्या तीस दिवसांचं उत्पादन जाहीर करते. 'उत्साहवर्धक निकाल' असा मथळा येतो, शेअर वर जातो. आपल्या धंद्याच्या भाषेत हा डेमो. डेमोत सगळंच पळतं, खरं काय ते प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर कळतं :-)

तर आज या पहिल्या आकड्याचा थोडा इतिहास.

आधी दगड समजून घेऊ. शेल म्हणजे चिखलाचा थरावर थर बसून झालेला खडक. त्यात तेल असतं, पण वाहायला वाट नसते. म्हणून आडवं भोक पाडून, प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू घुसवून त्याला भेगा पाडतात. भेगांच्या कडेचं तेल धो धो येतं, आतलं मात्र मुंगीच्या पावलाने. त्यामुळे पहिल्याच वर्षात अशा विहिरीचं उत्पादन निम्म्याहून खाली येणं ही नेहमीची गोष्ट. नगरचा काळा पाषाण वेगळा, लाव्ह्यापासून झालेला. पण पाणी तिथेही भेगांत आणि झिजलेल्या थरांतच साठतं. बोअरने भरलेली भेग गाठली की पहिले दिवस जोरात जातात. मग शेजारी शंभर फूट जास्त खोल जातो आणि आपली मोटर हवा ओढायला लागते.

महाराष्ट्राला भोकं पाडायचं वेड लागलं ते एकाच दशकात, आणि दोन ठिकाणी. 1972 च्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि हवेच्या दाबावर पाषाण फोडणारी यंत्रं गावोगाव फिरू लागली. आधी हातपंपासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी. पुढे सबमर्सिबल पंप आले आणि बोअर शेतीला लागला. इकडे अरबी समुद्रात, 19 फेब्रुवारी 1974 ला, 'सागर सम्राट'ने बॉम्बे हायवर तेल गाठलं. 21 मे 1976 ला उत्पादन सुरूही झालं. सव्वादोन वर्षांत! आजच्या प्रोजेक्ट मॅनेजरनेही टोपी काढावी असा वेग.

पण त्या आकड्याची देशाला सवय लागली. 1973 आणि 1979 च्या तेलाच्या धक्क्यांनी परकीय चलन आटलं होतं, त्यामुळे 'अजून काढा' हाच आदेश. 1980 च्या दशकात उपसा वाढत गेला, खडकातला दाब उतरला, तेलाबरोबर गॅस आणि पाणी जास्त येऊ लागलं. 1989-90 मध्ये देशाचं कच्चं तेल सुमारे 34 दशलक्ष टन होतं, 1992-93 मध्ये ते सुमारे 27 वर आलं. या घसरणीत बॉम्बे हायचा वाटा मोठा. आणि वेळ कोणती? आखाती युद्ध, वर सोनं गहाण टाकायची पाळी.

शेलचं म्हणाल तर तिथेही आपली मंडळी पोचली होती. 2010 मध्ये रिलायन्सने टेक्सासच्या ईगल फोर्डमध्ये पायोनियर कंपनीबरोबर 45 टक्के हिस्सा घेतला. 2014 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि 2021 मध्ये तो हिस्सा विकून टाकला. शेलमध्ये उत्पादन टिकवायचं तर सतत नव्या विहिरी खणाव्या लागतात, आणि भाव पडले की ते गणितच बसत नाही. ओएनजीसीने 2011 मध्ये दुर्गापूरजवळ शेल गॅस काढून दाखवला, 2013 मध्ये गुजरातेत जंबुसरला विहीर घेतली. त्यातून टेक्साससारखी लाट काही आली नाही.

आता परत नगरला येऊ, कारण या प्रश्नाचं सगळ्यात शहाणं उत्तर नगर तालुक्यातच मिळालं. हिवरे बाजारला 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. डोंगरावर चर खणले, झाडं लावली, बंधारे बांधले. हे सगळं इतर गावांनीही केलं. हिवऱ्याने पुढचं पाऊल टाकलं: शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पाऊस कमी, तर पिकंही त्या हिशोबाने.

मला यातलं बोअरबंदीचं कलम सगळ्यात भारी वाटतं. उघड्या विहिरीत वाकून पाहिलं की शिल्लक किती ते कुणालाही दिसतं. सहाशे फूट खोल भोकात काय उरलंय, ते मोटर बंद पडल्यावरच कळतं.

ईगल फोर्डची रिकामी झालेली भेग पावसाळ्यात भरत नाही. नगरची भरते, आपण तेवढी सवड दिली तर. म्हणून पुढच्या वेळी कुणी "तीन इंच लागलं" म्हणाला तर अभिनंदन जरूर करा, पण मे महिन्यात किती उरलं तेही विचारा.