रेषेबाहेरची माणसं

फुटबॉलचा इतिहास म्हटला की पेले, मॅराडोना, विश्वचषक आठवतात. मैदानाच्या रेषेबाहेर उभ्या असलेल्या आईबापांचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही. इथे कॅलिफोर्नियात माझी मुलगी सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल) खेळायला लागली आणि माझेही शनिवार त्या रेषेबाहेर जाऊ लागले. तेव्हापासून मला या इतिहासाचं कुतूहल आहे.

आमच्या लहानपणी ही रेषाच नव्हती. संघ आम्ही पाडायचो, नियम आम्ही ठरवायचो, भांडणंही आम्हीच मिटवायचो. मोठ्यांचा संबंध फुटलेल्या काचेपुरता आणि दिवेलागणीच्या हाकेपुरता. पण त्या स्वातंत्र्याचे गोडवे गाताना एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. ज्याला नीट खेळता येत नसे तो कायमचा लिंबूटिंबू! आणि मुलींना तर बरेचदा कुणी विचारतही नसे.

मोठ्यांची खरी गरज इथेच होती. १९६४ साली लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्समध्ये अवघ्या नऊ संघांनिशी 'अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन' सुरू झाली. तिचं ब्रीद साधं होतं: सगळे खेळतील. संघातल्या प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळायला मिळालाच पाहिजे, आणि संघ पाडतानाच ते तुल्यबळ राहतील असं बघायचं. १९७१ मध्ये या संस्थेने मुलींसाठीही संघ सुरू केले. शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणारा 'टायटल नाइन' कायदा त्यानंतर, १९७२ मध्ये आला. आणि हे सगळं चालवायचे ते स्वयंसेवक पालक. कुणी प्रशिक्षक, कुणी पंच, कुणी मध्यंतराला संत्र्याच्या फोडी आणणारं. लिंबूटिंबूला मैदानात आणलं ते या माणसांनी. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण गंमत बघा. मैदान आपण आखलं, फी आपण भरली, गाडीही आपणच चालवली. मग हळूहळू खेळही आपलाच वाटू लागतो. "पास कर!", "मार!", "मागे ये!" आठ वर्षांच्या पोरीच्या पायात चेंडू असतो आणि कानात चार दिशांचे हुकूम. तिने शेजारची मोकळी मैत्रीण बघायची कधी?

हे इतकं वाढलं की १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर ओहायोतल्या मुलींच्या एका लीगने चक्क 'सायलेंट संडे' पाळला. त्या दिवशी पालकांनी आणि प्रशिक्षकांनी मैदानाबाहेरून आवाज करायचा नाही! पुढे ही कल्पना इतर अनेक ठिकाणी उचलली गेली. जर्मनीत आखेनच्या परिसरात राल्फ क्लोर यांनी 'फेअर प्ले लीग' सुरू केली. लहानांच्या सामन्यात पंच नाही; फाउल झाला की नाही ते मुलंच ठरवणार. दोन्ही प्रशिक्षक एकाच जागी शेजारीशेजारी उभे राहणार आणि पालक मैदानापासून लांब. वाचताना हसू आलं. आमच्या गल्लीतला जुना कायदा जर्मन शिस्तीत परत आला होता!

नॉर्वेने याही पुढची मजल मारली. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्येच मुलांच्या खेळांसाठी वेगळी नियमावली केली आणि २००७ मध्ये तिला बालहक्कांची जोड दिली. मूल ज्या वर्षी अकरा वर्षांचं होतं त्या वर्षापर्यंत गुणतक्ते नाहीत, क्रमवारी नाही. आणि आपल्या खेळाबद्दल मत मांडायचा हक्क मुलाचा.

म्हणजे सगळं मुलांवर सोडून द्यायचं का? नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सॉकर महासंघाने दहा वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांना चेंडू डोक्याने मारायला बंदी केली. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांचा विचार मोठ्यांनीच करायचा असतो. खेळाच्या धुंदीतलं मूल तो करणार नाही.

मला या इतिहासात एक वाटणी दिसते. सगळ्यांना खेळायला मिळतंय ना, कुणाला इजा होत नाही ना, पंचाशी कुणी उद्धटपणे बोलत नाही ना, हे मोठ्यांचं काम. पास कुणाला द्यायचा आणि हरल्यावर किती वाईट वाटून घ्यायचं, हे मुलांचं. पहिलं काम आपण टाळलं तर कुणीतरी लिंबूटिंबू राहतं. दुसरं आपण बळकावलं तर मूल एक दिवस बूट कोपऱ्यात टाकून देतं, आणि का ते सांगतही नाही.

म्हणून आमच्या घरी एकच नियम आहे. परतीच्या वाटेवर सामन्याचा विषय तिनेच काढायचा. परवा ०-५ हरून आली, तर गाडीत पूर्ण वेळ मैदानाशेजारच्या तळ्यातल्या बदकांबद्दल बोलत होती. मीही बदकांबद्दलच विचारत राहिलो. घरी पोचल्यावर उतरता उतरता म्हणाली, "बाबा, पुढच्या शनिवारी किती वाजता निघायचंय?"