दिवा न लावण्याचा नियम

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाचा वाचक होऊं इच्छिणाऱ्यास आजहि एक प्रतिज्ञा करावी लागते. ग्रंथांना इजा करणार नाहीं या वचनाबरोबरच, या वास्तूंत अग्नि वा ज्योत आणणार नाहीं व पेटविणार नाहीं, असेंहि वचन तींत असतें. खिशांत मेणबत्ती घेऊन आतां कोणी वाचावयास जात नाहीं. तेव्हां श्रोत्यांस हा एक जुना, गमतीचा विधि वाटेल. परंतु विद्यापीठाच्या इमारतींत उजेड किती, कोठें आणि केव्हां असावा, या प्रश्नाचें तीन शतकें टिकलेलें उत्तर त्या वचनांत आहे.

एलिझाबेथ राणीचा वकील म्हणून हॉलंडांत राहिलेल्या सर टॉमस बॉडली यानें १६०२ मध्यें हें ग्रंथालय उघडलें. दालन त्याच्याहि पूर्वींचें, १४८८ मध्यें पुरें झालेलें. धर्मक्रांतीच्या धामधुमींत तेथील ग्रंथ नाहींसे होऊन तें ओसाड पडलें होतें. बॉडलीनें तें स्वतःच्या खर्चानें पुन्हां उभें केलें. छत लांकडी, कपाटें लांकडी, आणि आंत कागद व चर्मपत्र. एका ठिणगीचें काम! म्हणून दिवा नाहीं आणि शेगडीहि नाहीं.

मग उरला एकटा सूर्य. त्याचा उपयोग कसा करून घेतला, हें पाहण्याजोगें आहे. कपाटें भिंतीला न टेकवितां भिंतीशीं काटकोनांत उभीं केलीं. दोन कपाटांच्या मधोमध खिडकी येई, आणि वाचण्याचें मेज कपाटालाच जोडलेलें असे. मोठे ग्रंथ सांखळीनें बांधलेले; ते उचलून उजेडापाशीं नेण्याची सोय नव्हती, म्हणून उजेडच त्यांच्यापाशीं आणावा लागला. उन्हाळ्यांत हें ठीक चाले. डिसेंबरांत मात्र ऑक्सफर्डला चार वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. ग्रंथालयाचे तास त्यामुळें ऋतूप्रमाणें बदलत. १८४५ पर्यंत ऊबहि नव्हती. बोटें गारठलेलीं, ओळी अंधुक, अशा स्थितींत पंडितांनीं तेथें हस्तलिखितें ताडून पाहिलीं. आपल्याकडे मोक्षमुल्लर भट्ट म्हणून ओळखला जाणारा मॅक्स म्युलर १८६५ पासून सुमारें दोन वर्षें तेथें पौर्वात्य ग्रंथांचा उपग्रंथपाल होता. नियम त्यालाहि चुकला नाहीं.

ही भीति खोटी नव्हती. १७३१ च्या ऑक्टोबरांत लंडनमध्यें ॲशबर्नम हाउसला आग लागून कॉटन संग्रहांतील कितीतरी पोथ्या जळाल्या. 'बेओवुल्फ' या प्राचीन काव्याची जगांतील एकुलती एक प्रत कडा करपून कशीबशी वांचली.

पण वाचकाचीहि कांहीं बाजू आहेच. दिवसभर शिकविणाऱ्या अध्यापकानें वाचावें केव्हां? १८६० नंतर यावर एक शहाणपणाची तोड निघाली. जवळच रॅडक्लिफ कॅमेरा नांवाची घुमटाची, दगडी, वर्तुळाकार इमारत होती. ती बॉडलियनचें वाचनगृह झाली आणि रात्रीं दहापर्यंत उघडी राहूं लागली. जुनें दालन अंधारांतच राहिलें. वाचक मात्र दिव्याच्या इमारतींत गेला.

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमनें १८७९ मध्येंच आपल्या वाचनगृहांत विजेचे प्रखर दिवे लावले. तोंपर्यंत धुकें दाटलें कीं तेथील वाचकांना घरीं जावें लागे. विजेला ज्योत नाहीं, तरीहि बॉडलियनच्या जुन्या दालनांत कृत्रिम दिवा आला तो १९२९ मध्यें. पन्नास वर्षांचा हा विलंब सावधपणापेक्षां हट्टाचाच अधिक दिसतो. आरंभींच्या तारांचें वेष्टन कच्चें असे हें खरें, परंतु तें कारण कांहीं पन्नास वर्षें पुरणारें नव्हे.

पुढें मात्र असें आढळून आलें कीं, आग न लागतांहि नुसता प्रकाश ग्रंथाला झिजवितो. शाई फिकी पडते, कागद ठिसूळ होतो, आणि झालेली हानि भरून येत नाहीं. उजेडाची तीव्रता आणि त्याचा काळ यांचा गुणाकार हें तिचें माप. म्हणून नाजूक हस्तलिखितें प्रदर्शनांत मांडतांना आतां प्रकाश ५० लक्सच्या आसपास ठेवतात. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर जेवढा पडतो, तो सुमारें एक लक्स. समोर कोणी प्रेक्षक नसला कीं पुष्कळ ठिकाणीं दिवा आपोआप मंदावतो, आणि पोथी पुन्हां अंधारांत जाते.