काळी, पांढरी आणि भिंतीतली ओल



या पानावर आपण नेहमी काळीबद्दल बोलतो, आज पांढरीबद्दल लिहितो. नव्या पोरांना हे शब्द ठाऊक नसतील. जुन्या काळी गावाचे दोन भाग मानत. पिकायची जमीन ती काळी आणि घरं वसली ती पांढरी. काळीची निगा आपण अजून राखतो. पांढरीची निगा कधी तुटली ते आपल्या ध्यानातच आलं नाही.

पाऊस उघडला की जुन्या घरांत एकच तक्रार. भिंतीचा खालचा तीन फूट भाग ओला, रंगाचे पापुद्रे, पांढरा लोणा. मग दुकानातून डबा आणायचा आणि वरून फासायचा. दोन वर्षांनी पुन्हा तेच. ओल का येते हे कळायचं तर घर कसं बांधलं होतं आणि मधे काय बदललं, हे आधी बघावं लागतं.

आपल्या लातूर-धाराशिव भागातलं जुनं घर म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. भिंत दोन-अडीच फूट जाड, पण ती सलग एक भिंत नसते. आतून दगडाचा एक थर, बाहेरून दुसरा, मधल्या पोकळीत बारीक दगड अन् माती भरलेली. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या-काटक्या, पाला, आणि सगळ्यात वर थापलेली पांढरी माती. घर केवढं, ते खणांवरून सांगायचे.

छपरावर पांढरी मातीच का? काळी माती पाणी पिली की फुगते, वाळली की भेगाळते. ती वर टाकली तर पुढच्याच पावसात घरात धार लागेल. पांढरी तेवढी हलत नाही. पडक्या गढीची माती तर लोक मुद्दाम आणायचे. मृगाच्या आधी माळवदावर मातीचा हात फिरायचा, उगवलेलं गवत उपटायचं, पन्हाळ मोकळी करायची. दिवाळीआधी भिंतींना सारवण आणि चुना. वखरणी-पेरणीसारखंच हे काम वर्षाच्या हिशोबात धरलेलं असायचं.

वाड्यांना आणि देवळांना चुना वापरायचे. तोही आपल्याच रानातला. नांगराला लागणारे चुनखडीचे खडे भट्टीत भाजायचे, पाण्यात विझवायचे, भिजत ठेवायचे आणि मग वाळूबरोबर घाण्यात मळायचे. गोल चर, त्यात दगडी चाक, ओढायला बैल. काही जुन्या किल्ल्यांत असे घाणे अजून बघायला मिळतात. मातीच्या गिलाव्यात तंतू घालायची रीत तर त्याहून जुनी. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडले, त्यावर २०१६ साली शोधनिबंध आला. आपल्याकडं गव्हाचा भुसा, ताग, अंबाडी घालत. माती वाळताना आकसते, तंतू तिला धरून ठेवतो.

मग सिमेंट आलं. इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिननं त्याचं पेटंट घेतलं १८२४ साली. पोरबंदरच्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं १९१४ साली. पण खेड्यात ते पोचायला पुढं कितीतरी वर्षं गेली. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, परमिटशिवाय पोतं मिळायचं नाही. १९८२ साली नियंत्रण थोडं सैल झालं, १९८९ साली पूर्ण उठलं. मग तालुक्याच्या दुकानात पोती दिसू लागली. पक्कं घर बांधायची ऐपत नव्हती, पण मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देण्याएवढे पैसे जमायचे. सारवणाचं काम सुटलं, बायकांचे कष्ट वाचले, घर नवं दिसलं. त्यात गैर काही नव्हतं. पण भिंतीचा श्वास तिथं बंद झाला.

हे कृषीवाल्यांना लवकर पटेल. कालव्याच्या पट्ट्यात निचरा नसला की काय होतं? खालचं पाणी बारीक छिद्रांतून वर चढतं, पाणी उडून जातं, क्षार वर राहतात, जमीन खारवट होते. भिंतीत अगदी हेच घडतं. जोत्याखालची ओल मातीतून वर चढते. मातीचा नाहीतर चुन्याचा गिलावा असला तर ती दोन्ही बाजूंनी उडून जाते. थोडा गिलावा झडतो, तो दिवाळीला परत लावायचा. सिमेंटचा दाट थर असला की ओल तितकी उडत नाही. मग ती आणखी वर चढते, क्षार गिलाव्याच्या मागं साठतात आणि गिलावा फुगून सुटतो. बाहेरून टणक दिसतं, आत दगडांमधली माती मऊ पडत जाते. खरा धोका तो आहे. रंग खराब होणं ही नुसती खूण.

त्यात आणखी एक भर. गावातला रस्ता दरवेळी जुन्यावर नवा थर टाकून होतो. रस्ता वर गेला, जोतं खाली राहिलं, आणि पावसाचं पाणी भिंतीच्या बुडाशी थांबायला लागलं.

आता ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं झोपेतच गेली. या भागात ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढं आहे त्यांना जास्त सांगायची गरज नाही. त्यानंतर लोकांनी दगडमातीची धास्तीच घेतली. धास्ती खरी होती, पण कारण नीट समजून घ्यायला हवं. भिंतीचे आतबाहेरचे दोन थर एकमेकांना बांधलेले नव्हते. हादरा बसला तसे ते सुटे झाले आणि कोसळले. दुसरं कारण वरचं वजन. दरवर्षी नवी माती टाकायची रीत चांगली, पण जुनी काढायची रीत नव्हती. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट, कोरडी धरली तरी चार टनांच्या वर. काही माळवदांवर थर याहून जाड होता. म्हणजे जुनं ते सगळं सोनं नव्हतं. निगा राखता राखताच डोक्यावरचं ओझं वाढत गेलं होतं.

आमचं घर त्याच पट्ट्यातलं, सहा खणांचं. ते पाडायचं नाही असं ठरवून मी आणि धाकट्या भावानं दोन उन्हाळ्यांत काम केलं. क्रम महत्त्वाचा, म्हणून तो लिहितो.

आधी पाणी. मोरीचं सांडपाणी भिंतीपासून लांब नेलं. भिंतीलगत साचलेला भराव काढून जोतं उघडं केलं, अंगणाला बाहेरच्या बाजूनं उतार दिला. पायाच्या खाली मात्र खणायचं नाही, पाया मोकळा पडतो.

मग वजन. माळवदावरची माती थोडी थोडी करून सगळ्या बाजूंनी सारखी उतरवली. एकाच बाजूची काढली तर भार तिरका पडतो. तुळयांना आधी खालून टेकू दिले. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं तपासली, कारण लाकूड तिथंच आधी कुजतं. माती परत चढवली नाही, वर हलके पत्रे घातले.

मग भिंत. खालचा सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या वर फूटभर जाईपर्यंत काढला. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून घराबाहेर टाकला. पाण्यानं धुतला तर क्षार परत आत जातात. भिंत अख्खा उन्हाळा उघडी ठेवली. हा टप्पा कुणाला आवडत नाही, घर विद्रूप दिसतं. पण ओल्या भिंतीवर केलेलं काम टिकत नाही.

पुढच्या वर्षी दोन थर बांधून घेतले. किल्लारीनंतरच्या दुरुस्त्यांत वापरलेली ही पद्धत. वाळलेल्या भिंतीतला दगड पहारीनं हळूहळू हलवून काढायचा, घण मारायचा नाही. आरपार भोक झालं की दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. सळई काँक्रीटमध्ये पूर्ण बुडली पाहिजे, नाहीतर गंजते. उंचीत दर दोन फुटांना, आडवं दर चार फुटांना, एकाआड एक. एका वेळी एकच भोक. इथं सिमेंटच वापरलं. सिमेंटमध्ये खोट नाही, जागा चुकली की नडतं.

शेवटी गिलावा. कळीचा चुना विझवून महिनाभर पाण्याखाली ठेवला, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, बारीक कापलेला ताग घालून. कडक उन्हात चुना फार लवकर वाळून तडकतो, म्हणून आठवडाभर ओली पोती लावली. विझवताना चुना उकळतो. डोळ्यांना चष्मा लावा, पोरं लांब ठेवा.

कुठं थांबायचं तेही सांगतो. भिंतीला पोट आलं असेल, कोपरा उभा फाटला असेल, खांब बसला असेल, तर हात लावू नका. आधी अभियंत्याला दाखवा. आणि तोवर त्या खोलीत झोपू नका.

बाकीच्यांनी पुढच्या मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. पाणी भिंतीपाशी कुठं थांबतं ते बघा आणि तिथं खूण करून ठेवा. डब्याचा खर्च त्यानंतर ठरवा.